वीस मिनिटांचे व्रत

(शालेय क्रीडाशिक्षक, पालक आणि कार्यकर्ते यांच्या एकत्रित बैठकीत एका क्रीडा-भौतिकोपचार तज्ज्ञाने केलेल्या भाषणाचे हे संपादित शब्दांकन.)



आपल्याकडे एक वाक्य फार सहजपणे उच्चारले जाते : 'खेळ म्हटला की लागायचेच.' गुडघा खरचटला, कोपर सोलवटले, की आई हळद लावते, शिक्षक पाठीवर थाप मारतात आणि मूल पुन्हा मैदानाकडे धावते. हे योग्यच आहे. पडल्याशिवाय आणि पडून उठल्याशिवाय शरीर कणखर होत नाही. परंतु गुडघ्यातील अस्थिबंध तुटल्यावर किंवा तोच घोटा तिसऱ्यांदा मुरगळल्यावरही आपण हेच वाक्य म्हणतो, तेव्हा त्याचा अर्थ बदलतो. तेव्हा ते धीराचे वाक्य राहत नाही. आपली जबाबदारी नशिबाच्या माथी मारण्याचे वाक्य होते.

गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत या विषयावर जगात फार मोलाचे काम झाले आहे. हजारो शालेय आणि क्लबच्या खेळाडूंवर पद्धतशीर चाचण्या झाल्या. त्यांतून निघालेला निष्कर्ष असा की, कुमारवयातील मोठ्या दुखापतींचा बराच मोठा भाग टाळता येतो. त्याला लागणारे साधन म्हणजे खेळापूर्वीची वीस मिनिटे आणि ठरावीक क्रमाने केलेले उत्तेजक व्यायाम. यंत्र नको, औषध नको, खर्च नको. अट मात्र एक आहे. हे व्यायाम योग्य पद्धतीने आणि न चुकता झाले पाहिजेत. आजच्या माझ्या बोलण्याचा सारा भर या अटीवर आहे. कारण जगभरच्या अनुभवात यश आणि अपयश यांतला फरक याच अटीने पाडला आहे.

नेमके काय तुटते?

आपल्या गुडघ्याच्या आत, सांध्याच्या मध्यभागी, तिरपा जाणारा एक अस्थिबंध असतो. वैद्यकीय भाषेत त्याला 'एसीएल' म्हणतात. मैदानावर सारे त्याला नुसतेच 'लिगामेंट' म्हणतात. पायाचे खालचे हाड पुढे सरकू न देणे आणि सांधा पिळवटू न देणे हे त्याचे काम. सर्वसाधारण समज असा की, कोणीतरी जोरात आदळले म्हणून तो तुटतो. प्रत्यक्षात बहुतेक वेळा त्या क्षणी गुडघ्याला कोणी स्पर्शही केलेला नसतो. खेळाडू उडी मारून एका पायावर उतरतो, किंवा वेगात धावताना एकदम थांबून दिशा बदलतो. पाऊल जमिनीत रोवलेले असते, गुडघा जवळजवळ सरळ असतो आणि शरीराचा भार येताच तो आतल्या बाजूला कोलमडतो. 'कट्' असा आवाज येतो आणि खेळ थांबतो.

अशा प्रसंगांच्या चित्रफितींचा सूक्ष्म अभ्यास संशोधकांनी केला आहे. पाऊल जमिनीला टेकल्यापासून सुमारे ४० मिलिसेकंदांत, म्हणजे सेकंदाच्या पंचविसाव्या भागात, हा अस्थिबंध तुटतो असे त्यात आढळले. एवढ्या वेळात 'गुडघा वाकव, आत जाऊ देऊ नकोस' असा विचार करून कृती करणे कोणत्याही माणसाला शक्य नाही. त्या क्षणी शरीराला जे वळण लागलेले असेल तेच उपयोगी पडते. आपल्या भाषेत सांगायचे तर, त्या क्षणी उपदेश कामाला येत नाही, संस्कार कामाला येतो. आणि संस्कार हा एका दिवसात होत नाही. तो आवृत्तीने होतो.

या दुखापतीची किंमत काय? अनेकदा शस्त्रक्रिया, त्यानंतर किमान नऊ महिने मैदानापासून दूर, आणि पुढचे आयुष्यही पूर्णपणे निर्धोक नाही. या अस्थिबंधाची दुखापत झालेल्यांपैकी सुमारे निम्म्या लोकांच्या गुडघ्यात दहा ते वीस वर्षांच्या आत झिजेची लक्षणे दिसू लागतात. म्हणजे पंधराव्या वर्षी गुडघा दुखावलेल्या मुलीला तिशी-पस्तिशीत, स्वतःची मुले लहान असताना, जिना चढताना वेदना होऊ शकतात.

मी मुद्दाम 'मुलीला' असे म्हटले. सारख्याच खेळात, सारख्याच वेळी खेळूनही मुलींमध्ये ही दुखापत मुलांपेक्षा साधारण दीड ते तीन पट अधिक आढळते. शरीररचना, वयात येतानाचे बदल आणि लहानपणापासून उड्या-धावण्याचा मिळालेला कमी सराव, अशी अनेक कारणे यामागे सांगितली जातात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात भारताचे पुरुष आणि महिला असे दोन्ही संघ अजिंक्य ठरले. प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे हे दोघेही कर्णधार महाराष्ट्राचे. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला नवी मुंबईच्या मैदानावर भारतीय महिलांनी एकदिवसीय क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. अशा विजयांनंतर मैदानाकडे वळणाऱ्या मुलींना आपण काय देणार आहोत? मुलाचा गुडघा दुखावला तर घरचे म्हणतात, 'बरा झाला की खेळेल.' मुलीचा दुखावला तर अनेक घरांत म्हटले जाते, 'पुरे झाला खेळ.' एका दुखापतीने मुलाचा एक हंगाम जातो. मुलीचे मात्र मैदानच सुटते. म्हणून हा विषय केवळ वैद्यकीय नाही, तो सामाजिकही आहे.

नॉर्वेची कथा

या विषयातील सर्वांत बोलका अनुभव नॉर्वे या देशाचा आहे. तेथे हँडबॉल हा अत्यंत लोकप्रिय खेळ आहे आणि मुली तो मोठ्या संख्येने खेळतात. सभागृहातील टणक जमिनीवर उड्या, हुलकावण्या, अचानक वळणे असे त्याचे स्वरूप. गुडघ्याचे अस्थिबंध तुटण्याचे प्रमाण चिंताजनक वाढले, तेव्हा ग्रेथे मिक्लेबुस्ट या भौतिकोपचार तज्ज्ञ आणि त्यांचे सहकारी यांनी महिला हँडबॉलच्या वरच्या तीन श्रेणींतील संघांची पाहणी केली. १९९८-९९ च्या हंगामात कोणताही विशेष व्यायाम नसताना २९ खेळाडूंचे एसीएल तुटले. पुढच्या हंगामापासून तोल सांभाळण्याचे, योग्य रीतीने उतरण्याचे आणि वळण्याचे व्यायाम सुरू झाले. १९९९-२००० मध्ये ही संख्या २३ वर आली, २०००-०१ मध्ये १७ वर.

कथा येथे संपली असती तर ती एक सामान्य यशोगाथा ठरली असती. पण पुढे जे घडले ते अधिक शिकविणारे आहे. प्रकल्प संपला, संघांबरोबर काम करणारे भौतिकोपचार तज्ज्ञ परत गेले आणि प्रशिक्षकांनी हळूहळू व्यायाम सोडून दिले. काही हंगामांतच दुखापतींचे प्रमाण पुन्हा वर गेले. मग पुन्हा प्रशिक्षकांचे वर्ग घेण्यात आले, माहिती सर्वांपर्यंत पोहोचविण्यात आली, व्यायाम पुन्हा सुरू झाले आणि दुखापती पुन्हा उतरल्या. ज्ञान तेच होते, खेळाडू त्याच देशाचे होते, मैदानेही तीच होती. बदलत होती ती फक्त सातत्याची रेषा. आणि दुखापतींची रेषा तिच्या बरोबर उलट चालत होती.

त्याच देशात १५ ते १७ वर्षांच्या मुला-मुलींवर एक मोठी चाचणी झाली. तिचे निष्कर्ष २००५ मध्ये प्रसिद्ध झाले. १२० हँडबॉल क्लब, १८३७ खेळाडू. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने क्लबांचे दोन गट केले. एका गटाने हंगामभर ठरलेले उत्तेजक व्यायाम केले, दुसरा नेहमीप्रमाणे खेळला. गट जवळजवळ सारख्या आकाराचे होते. गुडघा आणि घोटा यांच्या तीव्र दुखापती व्यायाम न करणाऱ्या गटात ८१ झाल्या, व्यायाम करणाऱ्या गटात ४८.

फुटबॉलचे दोन प्रयोग : एक फसलेला, एक साधलेला

फुटबॉलच्या जागतिक संघटनेने, म्हणजे फिफाने, २००३ च्या सुमारास 'द इलेव्हन' नावाचा दहा व्यायामांचा कार्यक्रम तयार केला. अकरावा नियम खिलाडूवृत्तीचा होता. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या सुमारे दोन हजार मुलींवर त्याची चाचणी झाली. निष्कर्ष काय निघाला? काहीही फरक पडला नाही. व्यायाम करणाऱ्या आणि न करणाऱ्या गटांत दुखापती सारख्याच झाल्या. मात्र संशोधकांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसले की, व्यायाम करण्याचे ठरलेल्या ५८ संघांपैकी केवळ १४ संघांनी ते हंगामात वीसपेक्षा अधिक वेळा केले होते. म्हणजे बहुतेकांनी औषधाची बाटली कपाटात ठेवली होती आणि आजार बरा झाला नाही म्हणून औषधाला दोष द्यायची वेळ आली होती.

संशोधक निराश झाले नाहीत. ऑस्लो येथील क्रीडा-दुखापत संशोधन केंद्राचे रोआल्ड बार, थोरब्योर्न सोलिगार्ड आणि सहकारी यांनी फिफाच्या वैद्यकीय विभागाबरोबर नवा कार्यक्रम रचला. त्याचे नाव 'इलेव्हन प्लस'. त्यात धावणे घातले, जोडीने करायचे व्यायाम घातले, आणि मुलांना कंटाळा येऊ नये म्हणून चढत्या तीन पायऱ्या ठेवल्या. नॉर्वेतील १३ ते १७ वर्षांच्या मुलींच्या क्लबांतच तो तपासला गेला. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष असे : व्यायाम करणाऱ्या १०५५ मुलींपैकी १२१ जणींना पायाच्या दुखापती झाल्या, न करणाऱ्या ८३७ पैकी १४३ जणींना. शेकड्यात सांगायचे तर साधारण अकरा-बारा विरुद्ध सतरा. गंभीर दुखापतींचा धोका तर जवळजवळ निम्म्यावर आला. पुढे आणखी एक गोष्ट दिसली. ज्यांनी हे व्यायाम सर्वाधिक नियमाने केले, त्यांचा धोका मध्यम नियमितता ठेवणाऱ्यांपेक्षाही ३५ टक्क्यांनी कमी होता.

स्वीडनमध्ये १२ ते १७ वर्षांच्या ४५६४ मुलींवर अशाच एका कार्यक्रमाची चाचणी झाली. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात एसीएल तुटण्याचे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलेले आढळले. त्याहून लहान, ७ ते १३ वर्षांच्या मुलांसाठी वेगळा कार्यक्रम तयार झाला आणि स्वित्झर्लंड, जर्मनी, झेक प्रजासत्ताक व नेदरलँड्स या चार देशांत सुमारे ३९०० मुलांवर तपासला गेला. तेथे एकूण दुखापती ४८ टक्क्यांनी कमी झाल्या. म्हणजे प्राथमिक शाळेपासूनच ही सवय लावता येते.

वीस मिनिटांत काय करायचे?

'इलेव्हन प्लस'मध्ये एकूण पंधरा व्यायाम आहेत आणि त्यांचे तीन भाग आहेत.

पहिला भाग आठ मिनिटांचा, संथ धावण्याचा. मैदानावर साधारण पाच-सहा मीटर अंतराने खुणांच्या सहा जोड्या मांडायच्या. खास शंकू नसतील तर विटा, चपला, पाण्याच्या बाटल्या चालतील. दोन-दोन मुलांनी बरोबरीने धावायचे. आधी सरळ, मग मधे थांबून गुडघा उचलून बाहेर फिरवायचा, नंतर आत, मग जोडीदाराभोवती बाजूबाजूने फेरी, मग उडी मारून खांद्याला खांदा, शेवटी झपझप पुढे आणि मागे. याने स्नायूंचे तापमान वाढते, मज्जातंतूंचे संदेश वेगाने जाऊ लागतात आणि सांधे मोकळे होतात.

दुसरा भाग दहा मिनिटांचा. तोच या कार्यक्रमाचा गाभा आहे. कोपर आणि पायाची बोटे टेकवून शरीर फळीसारखे सरळ धरायचे, वीस ते तीस सेकंद, तीन वेळा. मग तेच एका कुशीवर. त्यानंतर मांडीच्या मागच्या स्नायूंचा व्यायाम. मुलाने गुडघ्यांवर उभे राहायचे, जोडीदाराने मागून घोटे घट्ट धरायचे आणि पाठ सरळ ठेवून हळूहळू पुढे झुकायचे. तोल जाऊ लागला की हातांवर उतरायचे. आरंभी तीन ते पाच वेळा पुरे. धावताना मांडीचा मागचा स्नायू 'धरतो' अशी तक्रार आपण नेहमी ऐकतो. त्यावर हा व्यायाम फार प्रभावी ठरला आहे. मग एका पायावर तीस-तीस सेकंद उभे राहणे. पुढे त्याच स्थितीत चेंडू फेकणे-झेलणे, त्याही पुढे जोडीदाराने हलकेच ढकलून तोल पाहणे. मग बैठका. शेवटी उड्या : उभी उडी, बाजूची उडी, आणि उतरताना दोन्ही गुडघे वाकवून अलगद, आवाज न करता उतरणे.

तिसरा भाग दोन मिनिटांचा, वेगाचा. मैदानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकाकडे धाव, लांब ढांगा टाकत उसळत धाव आणि पाय रोवून अचानक दिशा बदलण्याचा सराव.

शिक्षकांनी या साऱ्यात डोळे एका गोष्टीवर ठेवावेत. समोरून पाहिले असता कंबर, गुडघा आणि पाऊल एका रेषेत आहेत का? बैठक मारताना, उडीवरून उतरताना, वळताना गुडघे आत एकमेकांकडे झुकतात का? झुकत असतील तर तेथेच थांबवावे, दुरुस्त करावे आणि मग पुन्हा करून घ्यावे. चुकीच्या पद्धतीने केलेल्या पन्नास उड्यांपेक्षा नीट केलेल्या दहा उड्या श्रेष्ठ. शिट्टी वाजवून संख्या मोजणे सोपे आहे. गुडघा पाहणे हे शिक्षकाचे खरे काम आहे. आठवड्यातून किमान दोन-तीन वेळा हे झाले पाहिजे आणि परिणाम दिसायला साधारण दहा-बारा आठवडे लागतात. जिल्हा स्पर्धेच्या आधीच्या आठवड्यात सुरू करून काही साधणार नाही.

हा कार्यक्रम फुटबॉलसाठी रचलेला आहे हे खरे. पण पाय रोवून वळणे खो-खोच्या खांबापाशी होते, पकडीतून निसटून उडी मारणे कबड्डीच्या चढाईत होते, एका पायावर उतरणे बास्केटबॉल आणि व्हॉलीबॉलमध्ये होते. गुडघ्याला खेळाचे नाव कळत नाही. त्याला फक्त भार आणि दिशा कळते. म्हणून पाया हाच ठेवून शेवटच्या भागात त्या त्या खेळाच्या हालचाली घालाव्यात. खो-खोसाठी पाटीवरून उठून दिशा घेणे, कबड्डीसाठी निदान रेषेजवळून चटकन मागे फिरणे, अशा हालचाली आधी अर्ध्या वेगाने आणि मग पूर्ण वेगाने करून घ्याव्यात.

दोन समजुती

पहिली समजूत अशी की, दोन फेऱ्या मारल्या आणि वाकून पायाचे अंगठे धरले की शरीर तयार झाले. ऑस्ट्रेलियात १५३८ सैनिकी प्रशिक्षणार्थींवर झालेल्या एका अभ्यासात, व्यायामापूर्वी स्नायू ताणून धरल्याने पायाच्या दुखापती लक्षणीय कमी होत नाहीत असे २००० मध्येच दिसून आले. फार वेळ ताणून धरलेला स्नायू काही काळ थोडा दुबळाही पडतो. ताणाचे व्यायाम वाईट नाहीत. लवचीकतेसाठी ते खेळानंतर करावेत. खेळाआधी शरीराला हालचाल हवी.

दुसरी समजूत आपल्या अभिमानाशी निगडित आहे. 'आमच्याकडे सूर्यनमस्कार आहेत, जोर-बैठका आहेत. परदेशी कार्यक्रमाची गरज काय?' असे काही जण विचारतात. सूर्यनमस्कार हा सर्वांगसुंदर व्यायाम आहे आणि तो घ्यावाच. परंतु उडीवरून एका पायावर उतरणे आणि धावता धावता दिशा बदलणे या गोष्टी त्यात नाहीत. त्या वेगळ्या शिकवाव्या लागतात. आणि आपली परंपरा काय सांगते तेही पाहू. तालमीतील उस्ताद नवख्या मुलाला पहिल्या दिवशी कुस्तीला उतरवत नसत. आधी आखाड्याची माती उकरायची, जोर-बैठका काढायच्या, आणि मग डाव. दुसऱ्या बाजीरावांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी ज्या मल्लखांबाला नवे रूप दिले, तोही मुळात मल्लाला घडविणारा पूरक व्यायामच होता. खेळाआधी शरीर घडवावे हे तत्त्व आपल्याला नवे नाही. नॉर्वेच्या लोकांनी ते मोजून, तपासून सिद्ध केले. चांगली गोष्ट कोठूनही घ्यावी, यात कमीपणा नाही.

'वेळ कोठे आहे?'

शिक्षकांची अडचण मी जाणतो. पस्तीस-चाळीस मिनिटांची तासिका, साठ मुले, एकच शिक्षक, आणि परीक्षा जवळ आली की तीही तासिका दुसऱ्या विषयाला दिली जाते. त्यातली वीस मिनिटे व्यायामाला दिली तर खेळायचे कधी, हा प्रश्न रास्त आहे. त्याची उत्तरेही आहेत.

एक, हे तीनही भाग सलग करणे अपरिहार्य नाही. ऑस्ट्रेलियातील निमव्यावसायिक फुटबॉल क्लबांत दुसरा भाग सरावाच्या शेवटी घेऊन पाहिला गेला. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दुखापती वाढल्या नाहीत, उलट व्यायामांची नियमितता सुधारली. दोन, सामन्याच्या दिवशी फक्त पहिला आणि तिसरा, म्हणजे धावण्याचेच भाग घ्यायचे असतात. त्याला दहा मिनिटे लागतात. तीन, जोडीने करायचे व्यायाम असल्यामुळे साठ मुलांच्या तीस जोड्या एकाच वेळी काम करू शकतात. चौथे आणि सर्वांत महत्त्वाचे, प्रत्येक संघात दोन मुलांना नायक नेमावे आणि त्यांना आधी उत्तम तयार करावे. शिक्षक गैरहजर असले तरी मैदानावर क्रम चुकणार नाही. आपल्या सर्वांना गणशः काम करण्याची सवय आहे. ती येथे वापरावी.

स्पर्धेच्या दिवसाचे चित्र आपण सारे जाणतो. मुले पहाटे निघतात, एसटीतून किंवा टेम्पोतून दोन-तीन तास प्रवास करतात, पायऱ्यांवर ताटकळत बसतात आणि नाव पुकारले की थेट मैदानात उतरतात. आखडलेले शरीर, रिकामे किंवा नुकतेच भरलेले पोट आणि मनावर ताण, अशा अवस्थेत पहिल्याच चढाईत पाय मुरगळला तर दोष कोणाचा? स्पर्धा भरविणाऱ्यांनी मैदानाशेजारी थोडी मोकळी जागा राखावी आणि सामन्याची वेळ संघांना पंधरा मिनिटे आधी नक्की कळवावी. यासाठी पैसा लागत नाही, केवळ नियोजन लागते.

मर्यादाही ओळखू या

हे व्यायाम म्हणजे अभेद्य कवच नव्हे. चौघांच्या पकडीत अंगावर पडलेला भार, खड्ड्यांचे मैदान, झिजलेले बूट यांवर ते उपाय नाहीत. मैदानातील खडे वेचणे, मॅटच्या सांध्यांतील फटी बुजविणे ही कामे वेगळी करावीच लागतात. अतिश्रमाच्या दुखापतींसाठी विश्रांतीला पर्याय नाही. सकाळी अकादमी, दुपारी शाळेचा संघ आणि संध्याकाळी क्लब असे वेळापत्रक असलेली मुले आज आपल्या आसपास आहेत. तज्ज्ञ एक सोपे माप सांगतात : मुलाच्या संघटित खेळाचे आठवड्याचे तास त्याच्या वयाच्या आकड्यापेक्षा अधिक नसावेत. बारा वर्षांच्या मुलाला बारा तास पुष्कळ झाले. वेगाने उंची वाढण्याच्या काळात हाडे आधी लांबतात आणि शरीराचा ताळमेळ मागाहून जुळतो. त्या काळात मूल अधिक धडपडते. त्याला रागावू नये, जपावे.

आणि दुखापत झालीच तर? गुडघ्यात आवाज आला, दोन-चार तासांत तो सुजला, किंवा पाय टाकताना गुडघा निसटतो आहे असे वाटले, तर चोळणे, ओढणे, 'बसवून' घेणे हे प्रकार कटाक्षाने टाळावेत. खेळ तत्काळ थांबवावा आणि अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवावे. इंजेक्शन घेऊन अंतिम सामना खेळविण्याला काही जण जिद्द म्हणतात. चौदा वर्षांच्या मुलाच्या बाबतीत ती जिद्द मुलाची नसते, मोठ्यांची असते.

आपण काय करावे?

मित्रहो, प्रत्येकाने एकेक काम घेऊन उठावे अशी माझी विनंती आहे.

क्रीडाशिक्षकांनी येत्या सत्रापासून एका संघावर, मग तो मुलींचा कबड्डीचा असो की मुलांचा फुटबॉलचा, हा क्रम सुरू करावा आणि एक साधी वही ठेवावी. एका पानावर व्यायाम झाल्याची तारीख, समोरच्या पानावर कोणाला, केव्हा, कशी दुखापत झाली आणि किती दिवस खेळ बुडाला. नॉर्वेच्या साऱ्या कामाचा आरंभ अशा नोंदींतूनच झाला. वर्षअखेरीस ती वही मुख्याध्यापकांपुढे ठेवली की वेळ मागण्यासाठी वेगळा युक्तिवाद करावा लागणार नाही.

पालकांनी मुलाला 'आज जिंकलास का?' असे विचारण्याआधी 'आज उत्तेजक व्यायाम झाले का?' असे विचारावे. वाढीव गुणांसाठी प्रमाणपत्र हवे म्हणून मुलाला मैदानात ढकलू नये, आणि एका दुखापतीमुळे मुलीला मैदानातून ओढून घेऊ नये. आपल्या मुलीला मैदान नाकारणे हा दुखापतीवरचा उपाय नव्हे. तिच्या गुडघ्याला शिकविणे हा उपाय आहे.

कार्यकर्त्यांनी सायंकाळच्या खेळांच्या आरंभी पहिली वीस मिनिटे राखून ठेवावीत. आपल्याकडे येणारी मुले बहुधा अशा घरांतील असतात की, जेथे शस्त्रक्रियेचा खर्च म्हणजे घरावर कर्ज. ज्या घराला उपचार परवडत नाही, त्या घराला प्रतिबंधाची गरज सर्वाधिक आहे.

या कामात गौरव फारसा नाही, हे मी आधीच सांगून ठेवतो. जिंकलेल्या चषकाचे छायाचित्र छापून येते. न तुटलेल्या अस्थिबंधाचे येत नाही. ज्या मुलीचा गुडघा आपल्यामुळे वाचला, तिला ते कधी कळणारही नाही. ती केवळ खेळत राहील, पुढच्या वर्षीही मैदानावर दिसेल, आणि कधीतरी स्वतःच्या मुलीला मैदानावर घेऊन येईल. आपल्याला हवे आहे ते एवढेच. नॉर्वेच्या प्रशिक्षकांनी मधली काही वर्षे व्यायाम सोडले आणि त्याची किंमत त्यांच्या मुलींनी मोजली. तो धडा आपण त्यांच्या अनुभवातून घ्यावा, आपल्या मुलींच्या गुडघ्यांवर नव्हे. वीस मिनिटांचे हे व्रत हाती घेतले तर ते मधे सोडू नये, एवढेच आग्रहाने सांगतो आणि थांबतो.